स्टेअरिंग वाकडं दिसतंय? आधी चाकं बघा



खंडेनवमीला गाडीला हार घालून, नारळ फोडून झाला, की आपल्या भागातले ट्रक उसाच्या वाहतुकीला लागतात. काही कांदा घेऊन वाशीच्या मार्केटला जातात. त्याच सुमारास आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक अर्ज हमखास येतो : गाडीच्या टायरसाठी कर्ज पाहिजे. शेळीसाठी अर्ज आला तर आपण दहा प्रश्न विचारतो. शेळी कुठल्या जातीची, विमा काढणार का, चारा कुठून आणणार. टायरचा अर्ज आला की मात्र सगळ्याजणी गप्प. गाडीतलं आपल्याला काय कळतंय, असं म्हणून सह्या होतात. ट्रकच्या एका टायरची किंमत वीस हजारांच्या पुढंमागं असते. पुढचे बदलायचे तर जोडीनं बदलावे लागतात, म्हणजे चाळीसेक हजार झाले. हप्ता घरातूनच जायचा असतो. म्हणून आज मी ट्रकच्या स्टेअरिंगबद्दल बोलणार आहे. चालवायचं कसं ते नाही, ते सरळ कसं करायचं आणि कसं करू नये, ते.

आमच्या एका गटातल्या वहिनींच्या घरी दहा टायरचा ट्रक आहे. गेल्या हंगामात गाडी सरळ रस्त्यानं सरळच जायची, पण स्टेअरिंग थोडं उजवीकडे वळवून धरावं लागायचं. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर वरची खूण बारावर असायला पाहिजे, ती साडेबाराकडे गेलेली. मालकांनी गाडी एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसानं मधला नट खोलला, स्टेअरिंगचं चाक उपसून काढलं, सरळ करून परत बसवलं आणि नट आवळला. अर्ध्या तासाचं काम, पैसेही थोडे. दिसायला सगळं झकास. चार महिन्यांत पुढचा उजवा टायर आतल्या कडेनं आणि डावा बाहेरच्या कडेनं पार सपाट झाला. मग चांगल्या अलाइनमेंटच्या ठिकाणी गाडी नेली तेव्हा कळलं, की दुखणं पुढं नव्हतंच. मागच्या दोन एक्सलपैकी एक एक्सल एका बाजूनं सेंटीमीटरभर मागं सरकला होता. त्याला जागेवर धरणाऱ्या टॉर्क रॉडचा रबरी बुश खलास झाला होता. वाकडं स्टेअरिंग तेच सांगत होतं, आणि गॅरेजवाल्यानं नेमकं ते सांगणंच बंद करून टाकलं.

आता हे असं का होतं ते समजून घेऊ. बैलगाडीचा आख आठवा. आख साट्याला काटकोनात असेल तर गाडी बैलांच्या मागं सरळ येते. आख एका बाजूनं चार बोटं मागं सरकला, तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, आणि एका बैलाच्या मानेवर जास्त ओढ येते. ट्रकचंही तेच आहे. फरक एवढाच, की बैलगाडी पुढून ओढली जाते आणि ट्रकला मागची चाकं ढकलतात. मागचा एक्सल तिरका असेल तर तो गाडीला सतत एका बाजूला ढकलत राहतो. ड्रायव्हरला ते सांभाळायला पुढची चाकं जराशी दुसऱ्या बाजूला वळवून ठेवावी लागतात. म्हणून स्टेअरिंग वाकडं. आणि चाकं दिवसभर तिरकी घासत जातात म्हणून टायरची एक कड खलास.

पुढच्या चाकांचं काम कसं चालतं तेही एकदा बघून घ्या. गाडी उभी असताना खाली वाकलं तर सगळं दिसतं. स्टेअरिंगचा दांडा खाली एका लोखंडी पेटीत जातो, तिला स्टेअरिंग बॉक्स म्हणतात. त्या पेटीतून एक आर्म खाली लोंबतो, तो पुढं-मागं हलतो. त्या आर्मपासून एक दांडा एकाच पुढच्या चाकाकडे जातो, आपल्याकडे बहुतेक उजव्या. त्या दांड्याला ड्रॅग लिंक म्हणतात. आणि उजव्या चाकाला डाव्या चाकाशी जोडणारा एक लांब आडवा दांडा असतो, तो टाय रॉड. म्हणजे स्टेअरिंग उजव्या चाकाला सांगतं आणि उजवं चाक डाव्याला सांगतं. हे दोन दांडे लक्षात राहिले तर बाकीचं सोपं आहे, कारण दोघांची कामं वेगळी आहेत.

टाय रॉडचं काम दोन पुढच्या चाकांचं आपसातलं नातं सांभाळणं. वरून बघितलं तर पुढची दोन्ही चाकं जवळजवळ समांतर, किंचित आत बघणारी पाहिजेत. याला 'टो' म्हणतात. आत बघणारी म्हणजे टो-इन, बाहेर बघणारी म्हणजे टो-आउट. ट्रकसाठी हा आकडा एखाददोन मिलिमीटरचा असतो, नेमका किती ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. आता तुम्ही म्हणाल, दोन-चार मिलिमीटरनं काय होतंय? हिशेब करा. ट्रकचा टायर साधारण १ मीटर उंचीचा असतो. त्या एका मीटरमागं चाकं एकमेकांपासून ३ मि.मी. चुकीची असतील, तर १ किलोमीटर जाताना दोघांना मिळून ३ मीटर आडवं घासत जावं लागतं. १०० किलोमीटरला ३०० मीटर. मुंबईला जाऊन येऊन किती झालं ते तुम्हीच काढा. वर हौद्यातला माल आणि खाली तापलेली सडक.

ड्रॅग लिंकचं काम वेगळं. ती ठरवते की पुढची चाकं सरळ असताना स्टेअरिंग कुठं उभं राहणार. म्हणून पुढची चाकं, मागचे एक्सल सगळं बरोबर करून झाल्यावर स्टेअरिंग वाकडं दिसत असेल, तर ते ड्रॅग लिंकची लांबी कमी-जास्त करून सरळ करायचं. याच्यानं टो बदलत नाही, कारण टाय रॉडला हात लावलेला नसतो. आणि लांबी अगदी थोडी बदलावी लागते. मोठ्या गाडीत स्टेअरिंग वीसेक अंश फिरवलं तेव्हा कुठं चाक एक अंश वळतं. म्हणजे वर बऱ्यापैकी वाकडं दिसणारं स्टेअरिंग खाली अर्ध्या-एक अंशाचा फरक असतो. हुशार फिटर दांडा थोडा फिरवतो, बघतो, परत थोडा फिरवतो.

मग स्टेअरिंगचं चाक काढून सरळ बसवलं तर काय बिघडलं? दिसायला दोन्हीकडून सरळच होतं ना? इथंच खरी गोम आहे. स्टेअरिंग बॉक्सच्या आत दात असतात, आणि ते दात मधोमध असताना सगळ्यात घट्ट बसतील असेच बनवलेले असतात. कारण गाडी जास्तीत जास्त वेळ सरळच चालते. मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना गेलं की थोडी ढिलाई येते, ती वळणावर चालते. आता चाकं सरळ असताना बॉक्सच जर मधोमध नसेल, तर गाडी सगळा सरळ रस्ता त्या ढिल्या जागेवर चालते. ड्रायव्हरला सारखं इकडून तिकडं सावरावं लागतं. वरचं चाक काढून बसवल्यानं बॉक्स मध्यावर येत नाही. तो जिथं होता तिथंच राहतो, फक्त आपल्याला ते दिसेनासं होतं.

पॉवर स्टेअरिंगच्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे. बऱ्याच बॉक्समध्ये दोन्ही टोकांजवळ अशी सोय असते, की चाक पूर्ण वळायच्या थोडं आधी तेलाचा दाब कमी व्हावा, नाहीतर पंपावर आणि जोडांवर ताण येतो. बॉक्सचा मध्य सरकला की एका बाजूला हा दाब लवकर तुटतो आणि दुसऱ्या बाजूला उशिरा. घाटातल्या आवळ वळणावर एकीकडे स्टेअरिंग अचानक जड लागतं ते यामुळंही असू शकतं. आणि पॉवर असल्यामुळं हाताला ओढ कमी जाणवते, त्यामुळं दुखणं लवकर ध्यानातही येत नाही. शिवाय स्टेअरिंग काढून बसवल्यावर इंडिकेटर वळण संपलं तरी आपोआप बंद न होणं किंवा वळण पुरं व्हायच्या आधीच बंद होणं, हाही त्यातलाच प्रकार. तो बारीक वाटतो, पण महामार्गावर मागच्या गाडीला चुकीची सूचना जाते.

चांगल्या ठिकाणी हे काम कुठल्या क्रमानं करतात ते सांगते, कारण क्रम चुकला तर पैसे वाया जातात. सगळ्यात आधी टायरमधली हवा. एका बाजूला हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढणारच, मग कितीही अलाइनमेंट करा. मग गाडी पुढून उचलून चाक हाताने हलवून बघतात : किंगपिन, बेअरिंग, टाय रॉडच्या टोकांचे गोळे, यांत खेळ आहे का. खेळ असेल तर आधी तो भाग बदलायचा. ढिल्या जोडावर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते. मग पाटे, त्यांचे यू-बोल्ट, मधला सेंटर बोल्ट, टॉर्क रॉडचे बुश. मग मागचे एक्सल सरळ आणि एकमेकांना समांतर आहेत का ते मापतात, नसतील तर करतात. त्यानंतर टाय रॉडवरून टो. आणि सगळ्यात शेवटी स्टेअरिंग. काही ठिकाणी उलट करतात : गाडी आली, स्टेअरिंग सरळ बांधलं, टो बघितला, बिल केलं. मागं कुणी बघतच नाही. मला विचाराल तर ट्रकमध्ये फक्त पुढची अलाइनमेंट करणं म्हणजे घराचं छत गळतंय आणि आपण खालची फरशी पुसतोय.

स्टेअरिंगचा मध्य शोधायची पद्धत साधी आहे. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, इंजिन चालू. इंजिन चालू यासाठी, की पॉवर स्टेअरिंग तेलाच्या दाबाखालीच आपल्या खऱ्या जागी येतं. स्टेअरिंग दोन्हीकडे थोडं थोडं फिरवून सैल सोडतात म्हणजे सगळे जोड बसतात. बॉक्सवर आणि त्याच्या दांड्यावर बऱ्याच गाड्यांत खुणा असतात, त्या समोरासमोर आल्या की बॉक्स मध्यावर. खुणा मातीनं, ग्रीसनं झाकलेल्या असतात, त्या पुसून बघाव्या लागतात. खुणा सापडल्या नाहीत तर ड्रॅग लिंक सोडवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजायचे. समजा साडेपाच फेरे झाले, तर पावणेतीन फेरे परत आलं की तो मध्य. इथं जोर लावून टोकाला आदळायचं नाही.

बॉक्स मध्यावर आणल्यावर वर बघायचं. स्टेअरिंग सरळ असेल तर उत्तम. तिथंच ते धरून ठेवायचं आणि ड्रॅग लिंकची लांबी अशी करायची, की खाली पुढची चाकं मागच्या एक्सलच्या हिशेबानं सरळ होतील. आणि बॉक्स मध्यावर असूनही वरचं चाक वाकडं असेल, तर समजायचं की पूर्वी कुणीतरी ते उपसून चुकीचं बसवलं आहे. तेव्हा, आणि फक्त तेव्हाच, ते काढून सरळ बसवायचं. म्हणजे स्टेअरिंग काढणं हेच पाप असं नाही. खालचं न बघता काढणं चुकीचं. बारा टायरच्या गाड्यांत पुढं दोन वळणारे एक्सल असतात, तिथं त्या दोघांना जोडणारा दांडाही बरोबर लांबीचा लागतो, म्हणून काम वाढतं आणि बिलही.

काम झाल्यावर दांड्यांच्या क्लॅम्पचे बोल्ट आवळले का, सोडवलेल्या जोडांच्या नटांत नवीन स्प्लिट पिन घातल्या का, हे विचारायला लाजू नका. ड्रॅग लिंक सुटली तर स्टेअरिंग हातात नुसतं गरगर फिरतं आणि चाकं आपल्या मर्जीनं जातात. ते वाक्य मी मुद्दाम दोनदा उच्चारत नाही, पण तुम्ही ते घरी जरूर सांगा. यानंतर सपाट रस्त्यावर चालवून बघायचं. सपाट म्हणते, कारण आपले रस्ते पाणी निघून जावं म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, म्हणून चांगली गाडीसुद्धा जरा डावीकडे झुकते आणि स्टेअरिंग केसभर उजवीकडे धरावं लागतं. तो गाडीचा दोष नाही.

आता आपण स्वतः काय बघू शकतो? पहिलं, टायरवरून हात फिरवा. गाडी थंड असताना, उभी असताना. पुढच्या टायरवर आडवा तळहात एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर फिरवायचा. तारा निघालेल्या नाहीत ना, ते आधी डोळ्यांनी बघून घ्या, नाहीतर हाताला लागेल. दोन्हीकडे सारखंच लागलं तर बरं. बाहेरून आत जाताना गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना खवल्यांसारखं बोचत असेल, तर चाक जास्त आत बघतंय. उलट असेल तर बाहेर बघतंय. दोन्ही पुढच्या टायरांना एकसारखंच लागत असेल, तर बहुधा दोष टो म्हणजे टाय रॉडचा. एकाला आतून आणि दुसऱ्याला बाहेरून लागत असेल, वहिनींच्या गाडीसारखं, तर मागचे एक्सल मापायला सांगा. टायर पार सपाट व्हायच्या कितीतरी आधी हे हाताला कळतं. भाकरीचं पीठ मळणाऱ्या हाताला तर नक्कीच.

दुसरं, टेप. शिवणकामाचा नको, बांधकामाचा घ्या. पुढची चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत उजवीकडे माप घ्या, मग डावीकडे. चार-दोन मिलिमीटरचा फरक आपल्या मापण्यातलाही असेल, तो मशीनवर सोडा. पण सेंटीमीटरचा फरक आला तर गाडी दाखवायलाच पाहिजे. आणि टेपही नसेल, तर ओल्या मातीच्या सपाट वाटेवरून गाडी सरळ काढायला सांगा आणि मागून चाकोऱ्या बघा. मागची जोडचाकं पुढच्या चाकोरीच्या दोन्ही बाजूंना सारखीच पडली पाहिजेत.

मागच्या वेळी फोनवर एका ताईंनी विचारलं होतं, की आमची गाडी हात सैल केला की डावीकडे पळते, मग ड्रॅग लिंक बदलू का? ताई, ते दुखणं वेगळं. स्टेअरिंग वाकडं असणं आणि गाडी ओढणं या दोन गोष्टी आहेत. वाकडं असेल पण गाडी सरळ चालत असेल, तर मघाशी सांगितलेलं सगळं लागू. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा बघा, मग त्या बाजूचा ब्रेक चिकटून राहतोय का बघा : थोडं चालवून थांबल्यावर त्या बाजूचा ड्रम दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त तापलेला असेल तर ब्रेक. ड्रमला हात लावू नका, जवळ नुसता धरला तरी धग कळते. तेही ठीक असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये. ड्रॅग लिंक लहान-मोठी करून ओढ कधीच जात नाही. आणि हात सोडून बघायचं ते मोकळ्या जागी, हळू वेगात, बोटं चाकाजवळ ठेवून. वाहत्या महामार्गावर नाही.

आणखी एक विचारणा होती, की अलाइनमेंट किती दिवसांनी करायची. दिवस मोजण्यापेक्षा प्रसंग लक्षात ठेवा. हंगाम सुरू होण्याआधी एकदा. नवीन टायर घातले की. किंगपिन, टाय रॉडचे गोळे, पाटे, यू-बोल्ट यांतलं काही बदललं की. मोठ्या खड्ड्यात आदळली, किंवा उसाच्या फडातून भरलेली गाडी निघताना चाक चरात अडकून ट्रॅक्टरनं ओढावी लागली, की. आणि ड्रायव्हर म्हणाला, की कालपर्यंत स्टेअरिंग सरळ होतं, आज वाकडं झालं, तर त्याच आठवड्यात.

आमच्या ग्रामसंघानं आता ठरवलं आहे, की टायरच्या कर्जाच्या अर्जाला अलाइनमेंटची चिठ्ठी जोडायची. नुसती पावती नको. काम करण्याआधीची आणि नंतरची मापं, पुढचीही आणि मागच्या एक्सलचीही, त्या चिठ्ठीवर लिहून घ्यायची. मशीनवाले कागद छापून देतात, मागितला तर मिळतो. न देणारा असेल तर दुसरीकडे जायचं. आणि चिठ्ठीत मागच्या एक्सलचा रकाना मोकळा असेल, तर अर्ज परत पाठवायचा. सुरुवातीला दोघीजणींचे मालक रागावले, बायकांनी गॅरेजचा हिशेब कशाला मागायचा म्हणून. पण कर्ज गटाचं आहे, त्यामुळं चिठ्ठी आली. वहिनींच्या गाडीचा नवीन बुश बसला, मागचे एक्सल सरळ झाले, आणि मग ते उपसून बसवलेलं स्टेअरिंग परत उपसून बॉक्सच्या खुणेवर बसवावं लागलं. या हंगामात त्या दर अमावास्येला, गाडीवरून लिंबू उतरवून झाल्यावर, पुढच्या दोन्ही टायरांवरून हात फिरवतात.